जुनी रोल्स-रॉईस आणि 'स्वस्त' मशीन

ब्रिटनमध्ये जुनी रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडो विकायला निघते. 1965 ते 1980 या काळातलं हे मॉडेल. भाव ऐकून वाटतं, घेऊनच टाकू! पण थांबा. तिचे ब्रेक उच्च दाबाच्या हायड्रॉलिकवर चालतात, दुरुस्ती महाग. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणजे खालचा पत्रा गंजला की कणाच गेला. म्हणून जाणकार आधी चकाकी नाही, बिलांची फाईल बघतो.

तुम्हीही सेकंडहँड मशीन घेताना तीन आकडे लिहा:

1. खरेदी
2. वर्षभराची दुरुस्ती
3. मशीन बंद पडल्यास बुडणारं काम

बेरीज परवडली तरच टोकन द्या. आणि स्वतःच्या मशीनची बिलं आजपासून जपा. उद्या विकताना तीच भाव मिळवून देतील.