आधी कोणाचा तास?
महाविद्यालयाच्या वेळापत्रकासाठी काय करावे, काय टाळावे

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण आले आणि वेळापत्रक समितीचे काम फार अवघड झाले. पूर्वी एफवायचा वर्ग एका खोलीत बसायचा आणि शिक्षक बदलायचे. आता मेजर एका इमारतीत, मायनर दुसऱ्या मजल्यावर आणि ओपन इलेक्टिव्ह चक्क दुसऱ्या विद्याशाखेत. अशा वेळी कोणता तास कुठे आणि कधी बसतो, यावर कोण टिकणार आणि कोण गळणार हे बरेचसे ठरते. पुढची यादी एकाच सूत्रावर उभी आहे: ज्यांना आपली वेळ हलवता येत नाही त्यांचे तास आधी लावायचे, ज्यांना हलवता येते त्यांचे मागाहून.

काय करावे

एसटीच्या वेळा आधी समोर घ्या. तालुक्याच्या महाविद्यालयात कोणत्या गावाहून किती मुले येतात हे प्रवेश अर्जातच लिहिलेले असते, आणि गाड्यांच्या वेळा आगारात मिळतात. हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय पहिला आणि शेवटचा तास ठरवू नका. एखाद्या गावाची गाडी दीडला असेल आणि पुढची थेट साडेचारला, तर पाऊण वाजता सुटलेला वर्ग आणि दोनला सुटलेला वर्ग यांत सव्वा तासाचा फरक राहत नाही, तीन तासांचा होतो. थंडीच्या दिवसांत साडेचारच्या गाडीने निघालेली मुलगी अंधार पडताना घरी पोचते. तिचे पुढच्या वर्षीचे शिक्षण कधी कधी एवढ्यावर अडते. मुंबईत एसटीच्या जागी कसारा-कर्जतची लोकल धरा, हिशेब तोच.

ओपन इलेक्टिव्हचा पट्टा सर्वांसाठी एकच ठेवा. कला शाखेचा इलेक्टिव्ह साडेआठला आणि त्याच वेळी विज्ञानाचे प्रॅक्टिकल असेल, तर विज्ञानाच्या मुलाने अर्थशास्त्र निवडायचे कसे? त्याचा पर्याय माहितीपत्रकातच राहतो. आठवड्यातले ठरावीक तास सर्व विद्याशाखांनी मोकळे सोडा, ते आधी कागदावर रंगवा आणि मगच मेजरला हात घाला.

प्रयोगशाळेचे गणित सुरुवातीलाच मांडा. एका क्रेडिटचे प्रॅक्टिकल म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचे ६०. चार बॅचेस असतील तर २४०, आणि १५ आठवड्यांत ते बसवायचे म्हणजे एका पेपरपायी प्रयोगशाळा दर आठवड्याला १६ तास अडकते. ब्युरेट धुणे, द्रावणे तयार करणे हा परिचराचा वेळ यात धरलेलाच नाही. तोही धरा.

बॅचचा क्रम दर सत्राला फिरवा. रोल नंबर आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून पडतात. त्यामुळे वाघ, वाणी, यादव ही मुले तिन्ही वर्षे शेवटच्या बॅचमध्ये, म्हणजे बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारी. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, तरी अन्याय मात्र दर वर्षी त्याच मुलांवर होत राहतो. क्रम उलटा करायला पाच मिनिटे लागतात.

दिव्यांग विद्यार्थी असेल तर सगळा वर्ग खाली आणा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार इमारत सुगम असणे आणि गरजेनुसार सोय करून देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. ‘तू खाली लायब्ररीत बस, नोट्स पाठवतो’ म्हणजे सोय नव्हे, ती त्याला वर्गाबाहेर ठेवण्याची रीत झाली. लिफ्टच्या भरवशावर तिसरा मजला देत असाल, तर वीज गेल्यावर तो विद्यार्थी उतरणार कसा, याचे उत्तर आधी लिहून ठेवा.

खोल्या डोकी मोजून वाटा. जुलैत नाही, प्रवेश स्थिरावल्यावर. खोली आठवड्यातले निम्मे तासच वापरात असेल आणि त्या तासांनाही निम्मे बाक रिकामे असतील, तर तिचा खरा वापर फक्त पाव आहे. खोल्या अपुऱ्या आहेत असा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे धाडण्यापूर्वी हा आकडा काढलाच पाहिजे.

कच्चे वेळापत्रक आठवडाभर फळ्यावर लावा, आणि हरकती लेखी घ्या, विद्यार्थ्यांच्यासुद्धा.

काय टाळावे

सेवाज्येष्ठतेने तास वाटू नका. हा मुद्दा स्टाफरूममध्ये नकोसा वाटतो, म्हणूनच तो स्पष्ट लिहितो. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. जिथे ४८ मिनिटांचे लेक्चर आहे, तिथे १६ तासांची २० लेक्चर्स होतात. कायम शिक्षकाला मध्ये मोकळा तास मिळाला तरी पगार चालू असतो. तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकाला मोबदला फक्त शिकवलेल्या घड्याळी तासांचा. त्याला साडेसातचा एक आणि साडेबाराचा एक तास दिलात, तर मधला वेळ त्याच्या खिशातून जातो. शिवाय यांतले बरेच जण दुसऱ्या महाविद्यालयातही शिकवतात. म्हणून सीएचबी शिक्षकांचे तास सलग आणि मोजक्या दिवसांत बांधा. ज्येष्ठांनी आठवड्यातून दोनदा सकाळचा पहिला तास घ्यावा. अनुभवी माणूस पहिल्या तासाला उभा राहिला की हजेरीही सुधारते.

‘आमच्या डिपार्टमेंटची खोली’ मान्य करू नका. रसायनांची प्रयोगशाळा सोडली, तर कोणत्याही खोलीची चावी विभागप्रमुखांच्या कपाटात नको. ती कार्यालयात, नोंदवहीसह.

भाषांना उरलेसुरले देऊ नका. ‘मराठीला काय लागतं, फळा आणि खडू!’ असे म्हणून दोन-तीन तुकड्या एकत्र करून हॉलमध्ये बसवल्या जातात. माइक खरखरतो, पंख्याखाली शब्द ऐकू येत नाहीत, आणि शिक्षक निबंध तपासून परत देण्याचा नादच सोडतो. भाषा शिकायला मुलाने बोलावे लागते, लिहावे लागते, कोणीतरी ते वाचावे लागते. एवढ्या गर्दीत यांतले काहीच घडत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला प्रयोगशाळा लागते तशी भाषेला लहान तुकडी लागते. नवीन अभ्यासक्रमात भारतीय भाषांना स्वतंत्र क्रेडिट आहेत. त्या क्रेडिटला शोभेल अशी खोली आणि वेळ द्या.

परीक्षा केंद्रासाठी दर वेळी त्याच खोल्या रिकाम्या करू नका. तळमजल्याच्या मोठ्या खोल्या सोयीच्या असतात, म्हणून तिथले वर्ग सत्रभर बुडत राहतात. कोणाचे किती तास बुडाले याची नोंद ठेवा आणि पुढच्या परीक्षेला दुसरा मजला घ्या.

‘कमवा आणि शिका’तल्या मुलांचा दिवस मध्येच तोडू नका. त्यांचे कामाचे तास वेळापत्रकात तासांसारखेच धरा.

सॉफ्टवेअरवर जबाबदारी ढकलू नका. एफईटी हे मोफत मिळणारे, चांगले सॉफ्टवेअर आहे. ते अवश्य वापरा. पण इवेन, इताई आणि शमीर या संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवून दिले की वेळापत्रकाचा साधा वाटणारा प्रश्नसुद्धा एनपी-कम्प्लीट, म्हणजे गणिताच्या दृष्टीने अतिशय बिकट आहे. अटी वाढल्या की सगळ्या पाळल्या जात नाहीत. कोणती अट सोडायची हे माणसानेच ठरवायचे असते आणि त्याखाली सहीही माणसाचीच हवी. क्लॅश यंत्राला आपोआप कळतो. शेवटची एसटी आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

रात्री व्हॉट्सॲपवर उद्याचे तास बदलू नका. पहाटे गाडी पकडणाऱ्या मुलाला तो निरोप बसमध्ये मिळतो, डेटा संपला असेल तर तोही नाही. बदल करायचाच असेल तर सोमवारपासून करा आणि शुक्रवारी दुपारपर्यंत फळ्यावर लावा.