सोमवारी छाती, मग मांड्यांचा वार कोणता?

सोमवारी संध्याकाळी जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही गजबजलेल्या जिममध्ये बेंच प्रेससाठी थांबावं लागतं. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, बुधवार खांद्यांचा, गुरुवार दंडांचा, असं ठरलेलं असतं. मांड्यांचा नंबर लागतो शुक्रवारी, आणि त्या दिवशी नेमकं कुणाच्या तरी लग्नाची हळद असते. सहा महिन्यांनी छाती-दंड भरतात, पायांच्या काड्या तशाच राहतात.

स्नायूंची वारांनुसार वाटणी करणं चुकीचं नाही. ज्याला थकवलं त्याला विश्रांती मिळते आणि तोवर दुसऱ्याचं काम होतं. अडचण येते ती आठवड्यातून एकदाच एका स्नायूला पिळून काढण्याच्या हट्टामुळे. हा रिवाज स्पर्धेत उतरणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंकडून आला. त्यांचं खाणं, झोप आणि रोजचे तास यांची बरोबरी कॉलेज, दुकान किंवा शेत सांभाळून येणाऱ्या माणसाला करता येत नाही.

वजन उचलल्यानंतर त्या स्नायूत नवी प्रथिनं बांधली जाण्याचा वेग वाढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९५ मध्ये व्यायामाची सवय असलेल्या तरुणांच्या दंडांवर हे मोजलं गेलं. २४ तासांनी हा वेग दुपटीच्या वर होता आणि ३६ तासांपर्यंत जवळजवळ पूर्ववत झाला. म्हणजे सोमवारी घेतलेली छाती बुधवारपर्यंत बरीचशी सावरते आणि पुढे नुसती वाट बघते. आठवड्याचे एकूण सेट तेवढेच असतील, तर एकदा की दोनदा यानं फारसा फरक पडत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण प्रत्यक्षात एका बैठकीत छातीचे १५-१६ सेट मारणाऱ्याचे शेवटचे पाच-सहा हात वाकडे करून, पाठ उचलून कसेबसे पुरे होतात. तेच दोन दिवसांत वाटले तर प्रत्येक सेट नेटका होतो आणि खांद्याचा सांधाही वाचतो. स्नायूमागे आठवड्याला दहाच्या आसपास चांगले सेट सर्वसाधारण माणसाला पुष्कळ झाले.

खान्देशात या वाटणीचा खरा कस पोलीस भरतीच्या तयारीत लागतो. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक सहा आहे, आणि भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं-पोरी दोन्ही जिल्ह्यांत दिसतात. जिल्हा पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावायचं असतं. शिवाय गोळाफेक असते: मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा चार किलोचा. यांतला बहुतेक उमेदवार जिममध्ये जाऊन छाती-दंड करतो आणि 'पळतोच आहे की' म्हणून पाय सोडून देतो. गोळ्याचा जोर मांड्या आणि कमरेतून उठतो, हात फक्त शेवटी ढकलतो. १०० मीटरची झेपही पायांचीच.

या मुलांनी शरीराचे दोनच भाग करावेत, वरचा आणि खालचा. सोमवारी आणि गुरुवारी छाती, पाठ, खांदे, दंड. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी वेगाचं धावणं आणि त्याच दिवशी संध्याकाळी स्क्वॅट, डेडलिफ्ट, पोटऱ्या. कठीण पळणं आणि पायांचं वजन एकाच दिवशी घेतलं की बुधवार खरोखर मोकळा मिळतो. ते दोन दिवसांवर पसरलं तर पाय कधीच ताजे होत नाहीत आणि नडगी दुखायला लागते. शनिवारी हलकं पळून गोळ्याचं तंत्र घोटावं. रविवारी झोप काढावी.

चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक म्हणून खात्यात गेले. त्यामुळे 'पैलवान तर रोजच मेहनत करतात' हा प्रश्न इथे हमखास येतो. जोर-बैठका अंगाच्याच वजनावर असतात, म्हणून सरावलेल्या शरीराला त्या रोज झेपतात. पाठीवर १०० किलोची बारबेल रोज झेपत नाही.

पंचेचाळिशीच्या व्यापाऱ्याला किंवा शिक्षिकेला तर वाटणीची गरजच नाही. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी सगळं शरीर: एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा, एक बैठकीचा आणि एक वाकून उचलण्याचा प्रकार. पाऊण तासात आटोपतं. आपल्याकडे हे विशेष निकडीचं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगानं सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं एक उत्तर त्या आकड्यांत आहे. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात आणि सगळ्यांत मोठे स्नायू मांड्या-नितंबांत आहेत.

खाण्याबद्दल थोडं. केळी आपली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण एका केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. व्यायामाआधी ताकदीला ते उत्तम, स्नायू बांधायला पुरत नाही. त्यासाठी उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, दूध, अंडी आहेत. नियमित वजन उचलणाऱ्यानं किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं गाठावीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याच्या शेडमध्ये पायांचा भारी व्यायाम दुपारी करू नये. बऱ्याच खंडानंतर एकदम जास्त सेट मारल्यावर स्नायू सुजून दगडासारखे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तुटलेल्या स्नायूंतला घटक मूत्रपिंड निकामी करू शकतो. रक्तदाब असलेल्यांनी वजन वर नेताना श्वास रोखू नये, तो सोडत उचलावं. छातीत दडपण आलं किंवा जांघेत फुगवटा जाणवला, तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवून तपासून घ्यावं.