मुलीची पहिली पाळी आणि घरचा पहिला शब्द

मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वीच शेतकरी बी-बियाण्याची तजवीज करून ठेवतो. घरात लग्नकार्य निघाले की महिनाभर आधी तयारी सुरू होते. परंतु मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली, आता एक-दोन वर्षांत तिला पाळी येईल, हे घरातील सर्व वडीलधाऱ्यांना ठाऊक असूनही तिला मात्र त्याविषयी काहीच सांगितले जात नाही, असे पुष्कळदा घडते. मग एके दिवशी शाळेत, शेतावर किंवा प्रवासात कपड्यावर रक्त दिसते आणि आपणास काही दुखापत झाली वा असाध्य रोग जडला, अशा भीतीने ती पोर गांगरून जाते. ही भीती निसर्गाने दिलेली नाही. ती आपल्या मौनाने दिलेली आहे. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रशुद्ध विचार विद्यार्थिनींनी व त्यांच्या पालकांनी एकत्र बसून करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम देहात काय घडते ते पाहू. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशय असते व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असतो. वयात येताना मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयांस चेतना देते, आणि मग साधारणतः महिन्यातून एकदा एक सूक्ष्म स्त्रीबीज परिपक्व होऊ लागते. त्याच वेळी गर्भाशयाच्या आतील अस्तर रक्ताने पुष्ट होते. गर्भधारणा झाली नाही म्हणजे त्या अस्तराचे प्रयोजन उरत नाही. ते गळून रक्तासह बाहेर पडते. हीच पाळी होय. ती बहुधा वयाच्या दहाव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान, स्तनांची वाढ सुरू झाल्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी येते. रक्तस्राव २ ते ७ दिवस टिकतो. रक्त पुष्कळ गेले असे वाटले, तरी सर्व दिवसांचे मिळून ते सामान्यतः दोन-तीन मोठे चमचेच भरते. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर पडले तरी घाबरू नये.

एवढी साधी घटना आपल्या समाजात इतकी गूढ का झाली, याचे उत्तर इतिहासात सापडते. बालविवाहाच्या काळी मुलीस न्हाण आले की तिला मखरात बसवीत, तिची ओटी भरीत आणि तिची सासरी रवानगी करीत. पहिली पाळी म्हणजे बालपणाचा शेवट, असे समीकरणच झाले होते. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला व मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर्षांवर आणले गेले. त्या वेळी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. कारण पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधानाचा विधी लगेच झालाच पाहिजे, असे अनेकांचे मत होते. वृत्तपत्रांतून व सभांतून पुरुषांनी हा वाद हिरिरीने घातला. ज्यांच्या देहाविषयी तो वाद होता, त्या मुलींना मात्र कोणी विचारले नाही.

आज मुलीच्या विवाहास किमान १८ वर्षांचे वय कायद्याने ठरले आहे. तेव्हा पाळी आली म्हणून मुलगी विवाहयोग्य झाली, हे समीकरण मोडले पाहिजे. पहिल्या पाळीनंतर तिचे खेळणे बंद करणे, सायकल काढून घेणे किंवा शाळा सोडविणे यास काहीच आधार नाही. तिचा देह वाढू लागला आहे. तिचे शिक्षण संपलेले नाही.

दुसरी गोष्ट विटाळाची. माझी मातृभाषा कोंकणी. समुद्रकाठच्या घरांतून लहानपणी जे ऐकले, तेच येथे जाम नदीच्या काठी थोड्या निराळ्या शब्दांत ऐकू येते. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘लोणच्याला हात लावू नकोस’! वस्तुतः पाळीच्या रक्तात अपवित्र असे काहीच नाही. लोणचे नासते ते ओलाव्याने, पाळीच्या स्पर्शाने नव्हे. चौदाव्या शतकात संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाविषयीच प्रश्न उपस्थित केला होता. पुढे १९२७ ते १९५३ पर्यंत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून, देहाविषयी शुद्ध मराठीत व निःसंकोच लिहिता येते हे दाखवून दिले. आपणास शब्द नाहीत असे मुळीच नाही; ते मुलांपुढे उच्चारण्याचा धीर तेवढा हवा.

तो धीर कोणी दाखवावा? अर्थातच प्रथम आईने. मुलगी दहा वर्षांची होताच, भाकरी थापताना किंवा केस विंचरताना, सहजपणे तिला सांगावे : ‘बाई, मलाही येते, आजीलाही येत असे, तुलाही येईल. ती आली की मला सांग. शाळेत आली तर बाईंना सांग.’ तिच्या दप्तरात एक घडी केलेले स्वच्छ कापड वा पॅड व एक जादा चड्डी ठेवावी. पहिल्या दिवशी तिला जवळ घ्यावे आणि आधी तिचे म्हणणे ऐकावे. वडिलांनीही हा विषय बायकांचा म्हणून तोंड फिरवू नये. दुकानातून पॅड आणणे हे मीठ आणण्याइतकेच साधे काम आहे, हे भावाने वडिलांकडे पाहूनच शिकावयाचे असते. आई नसलेल्या घरात तर हे कर्तव्य वडिलांचे, आजीचे वा आत्याचे ठरते.

स्वच्छतेचे नियम थोडेच आहेत. कापड सुती व मऊ असावे. ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे, काळोख्या कोपऱ्यात दडवू नये. कापड किंवा पॅड दर चार-सहा तासांनी बदलावे, आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे. रोज स्नान करावे. डोक्यावरून न्हाण्यासही हरकत नाही. पोटात दुखल्यास गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे व थोडे चालावे. खर्चाची अडचण खरी आहे. तीच ओळखून मध्यप्रदेश शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये ७ वी ते १२ वीच्या सुमारे १९ लाख विद्यार्थिनींच्या खात्यांत प्रत्येकी ३०० रुपये जमा केले. परंतु खात्यातील पैशाने पॅड मिळते, धीर मिळत नाही. तो घरातूनच मिळाला पाहिजे.

आहाराकडेही लक्ष हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींच्या रक्तात लोह कमी आढळल्याने वा अन्य कारणाने पांडुरोग दिसून आला. बाजरीची भाकरी, तीळ, चवळी, मटकी व पालेभाज्या यांतून लोह मिळते. आणि त्यांबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर ते लोह अंगी अधिक लागते. पांढुर्णा व सौंसर हा तर संत्र्यांचा मुलूख! बागेतील सर्वच संत्री बाजारात न धाडता दोन मुलीच्या हातावर ठेवावीत. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा. तो लोह शोषू देत नाही. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर अवश्य घ्यावी.

काही लक्षणे दिसल्यास लाजेने दिवस न काढता डॉक्टरांकडे जावे. तासा-दोन तासांत कापड वा पॅड भिजत असेल, स्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल, दर महिन्यास दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, अथवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर तपासणी आवश्यक आहे.

विद्यार्थिनींनो, वर्गातील एखाद्या मैत्रिणीच्या कपड्यावर डाग दिसला तर हसू नका. आपली ओढणी तिच्या कमरेभोवती द्या व तिला बाईंकडे घेऊन जा. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही हा लेख वाचला असेल तर उत्तमच. तुमच्या घरातही बहीण आहे. आणि आईवडिलांना एवढीच विनंती की, हा अंक घरी आल्यावर हे पान उलटून टाकू नका. मुलीला जवळ बसवा आणि तिच्यासह मोठ्याने वाचा.