जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात मोठी गर्दी होते. पुष्कळांची नजर छत्रपती घराण्याच्या जुन्या मेबॅक मोटारीवर असते. एवढी जुनी मोटार अजून चालते कशी? कारागिरांच्या हातांमुळे.

कोल्हापूरला अशा हातांची वाण नाही. शिवाजी उद्यमनगरात आणि आपल्या गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनतात. येथे जाणत्या मिस्त्रीला ‘वस्ताद’ म्हणतात. तालमीतही वस्तादच असतो. मुलांनो, हा तुमचा उर्दूतला ‘उस्ताद’. ‘तालीम’ शब्दही तिकडचाच. मात्र कोल्हापुरात ती लाल मातीत मिळते!

समजा, एका वस्तादाकडे 1950 सालची एमजी टीडी ही इंग्लंडमध्ये बनलेली स्पोर्ट्स मोटार आली. इंजिन सुरू होते, पण धडधडते आणि काळा धूर सोडते. मालक म्हणतो, “हे जुने काढा, नवीन बसवा.” वस्ताद म्हणतो, “साहेब, आधी खोलून तर बघू.”

या मोटारीला सव्वा इंची दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. कार्ब्युरेटर पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळतो. साधारण पंधरा भार हवेला एक भार पेट्रोल लागते. एसयूमध्ये एक दट्ट्या असतो. इंजिनने जास्त हवा ओढली की दट्ट्या वर उचलला जातो. त्याची निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलला वाट मोठी होते.

खोलताना वस्ताद दोन ताटे घेतो. एका कार्ब्युरेटरचे भाग दुसऱ्याच्या ताटात जाता कामा नयेत. दट्ट्या आणि त्याची टोपी यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. शागीर्दाने तेथे पॉलिश पेपर घासला, तर जोडी कायमची बिघडते. ती फक्त पेट्रोलने धुवायची.

पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहतात. आत पेट्रोल वाजले, तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे ती जागा दाखवतात. जेटभोवतीचे बुचाचे वायसर मोटार पडून राहिल्यास सुकतात आणि पेट्रोल गळते. नवे वायसर आधी तेलात भिजवतात. थ्रॉटलचा दांडा झिजला असेल, तर तेथून फुकटची हवा आत शिरते. मग नवा बुश घालावा लागतो. रबरी नळ्याही बदलाव्यात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या उसाच्या मळीपासूनही बनते, पण जुन्या रबराला मानवत नाही.

जोडणी झाली की वस्ताद दट्ट्या उचलून सोडतो. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नाही आला, तर सुई जेटला घासते आहे. मग जेट सैल करून पुन्हा मध्यावर आणायचा. या कामात घाई चालत नाही. कधी दहा-दहा वेळा सोडून पाहावे लागते.

शेवटी इंजिन गरम करून दट्ट्या जेमतेम एक मिलिमीटर उचलतात. वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडू लागले, तर कमी आहे. क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तर बरोबर. मग वस्ताद रबरी नळीचे एक टोक कानाला लावतो. दुसरे टोक आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरतो. दोन्हीकडे हवेचा सूं-सूं आवाज सारखा येईपर्यंत तो स्क्रू फिरवत राहतो. मालक शेजारी गप्प उभा असतो.