सिकलसेलचे मूल, घरची वही आणि दिव्यांगाचा हक्क

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे शाळेत न गेलेल्या आयाबायाही ओळखतात. पण एक गोष्ट अजून पुष्कळ घरांत पोचलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही येतात. म्हणजे हातपाय धड असलेले मूलही कायद्याने दिव्यांग ठरू शकते.

एएस म्हणजे वाहक. त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही. ते एसएससारख्या प्रत्यक्ष रुग्णासाठी आहे. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा कागद जपून ठेवा.

घरचे उपचार

- डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिली असेल तर ती रोज, न चुकता द्यावी आणि ठरल्या वेळी रक्त तपासावे. पंधरा-सोळा वर्षांचे मूल ‘मला काही झालं नाही’ म्हणून गोळी टाळते. रागावू नका, समोर बसून घ्यायला लावा.
- दिवसभर भरपूर पाणी प्यायला द्यावे. थंडीत व पावसात अंग उबदार ठेवावे.
- कळा आल्या तर कोमट शेक द्यावा. बर्फ लावू नये.
- तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.
- ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा पोटात डाव्या बाजूला गाठ वाढली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

वही ठेवा

रात्री दोनला मूल कळांनी तळमळते. आई उठून शेकते, पाणी पाजते, सकाळी तिची मजुरी बुडते. आठ दिवसांनी तेच मूल तपासणीला जाते तेव्हा हसत उभे असते. वॉर्डात असताना आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. मग ऐकावे लागते, ‘याला काय झालंय? चांगला तर दिसतो.’

म्हणून दोनशे पानी वही घ्या. तारीख, दुखणे कुठे, किती दिवस, कोणती गोळी, शाळा किती बुडाली, कोण जागले, हे लिहा. आईला लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावे. नुसती वही पुरावा ठरत नाही. दर भेटीत ती डॉक्टरांना दाखवा आणि नोंद केसपेपरवर करून घ्या. भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे सगळे कागद एकाच पिशवीत ठेवा. आजार किती तीव्र आहे, हे मंडळाला यावरूनच कळते.

अर्ज कसा करावा

स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा. सेतू केंद्रातही भरून मिळतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तरच बहुतेक लाभ मिळतात. प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपण्याआधी नूतनीकरण करा. निर्णय पटला नाही तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

काय मिळते

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. राज्यात १५ वर्षे राहत असल्याचा दाखला लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत वेळेआधी अर्ज द्या. उच्च शिक्षणात बेंचमार्क दिव्यांगांसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत. सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात मात्र कायद्याने रक्ताचे आजार धरलेले नाहीत. त्यासाठी आपल्याला अजून भांडायचे आहे.

‘दिव्यांग’ शिक्का बसला तर लग्न कसे जुळेल, या भीतीने काही घरे कागदच करत नाहीत. मुलांनो, मुलींनो, आजार लपवल्याने कळा थांबत नाहीत. लग्न जुळवताना दोघांचे रक्त तपासणे, हाच पुढच्या पिढीसाठी शहाणपणा आहे. आणि हे अनुदान कुणाची मेहरबानी नाही. आईच्या जागरणाची किंमत त्यातून फिटत नाही, पण बुडालेल्या मजुरीला थोडा आधार होतो. या महिन्यात आपल्या विहारात एक रविवार ठरवा. ज्यांना लिहिता येते त्यांनी शेजारच्या घराचा अर्ज भरून द्या.

जय भीम.