गिटारची सुटलेली पट्टी

एखादी जाड वही वाकवून पाहा. पाने एकमेकांवरून घसरतात आणि वही सहज वाकते. हीच पाने एकमेकांना चिकटवली, तर वही फळीसारखी ताठ होईल.

पुष्कळ इलेक्ट्रिक गिटारांची मान अशीच दोन थरांची असते. खाली बहुधा मेपलचे लाकूड आणि वर बोटे फिरतात ती पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड. ही अनेकदा शिसवीची असते. सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका! सांधा कच्चा राहिला, की थर घसरतात, मान वाकते, तारा पट्टीपासून उंच होतात आणि त्या दाबताना सूर चढतो. सारख्या जाडीचे दोन थर पक्के जोडले, तर ते सुटे असतानाच्या चौपट ताठ होतात.

दुरुस्तीसाठी प्रथम तारा सैल कराव्यात. पट्टीवर टिचक्या माराव्यात. पोकळ आवाज येईल तेथे सांधा सुटलेला असतो. फटीतला जुना गोंद पातळ पात्याने खरवडावा, कारण वाळलेल्या थरातून नवा गोंद लाकडात मुरत नाही. मग सुतारकामाचा पांढरा गोंद आत सरकवावा. मानेतल्या पोलादी सळईला तो लागू देऊ नये. पट्टीच्या गोलाईला बसेल अशी फळी वर ठेवून शिकंजे आवळावेत. लाकडाच्या अगदी जवळ आलेले रेणूच त्याला घट्ट धरतात. म्हणून थर पातळ हवा. बाहेर आलेला गोंद पुसून एक दिवस थांबावे.

सांगा पाहू, फळी न ठेवता एकच शिकंजा लावला, तर काय होईल?