न दिसणारा बदल आणि आपली दृष्टी

यंत्राला चित्रे ओळखण्यास शिकविता येते, तसे फसविताही येते. २०१४ साली इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पांडाच्या छायाचित्रात अतिसूक्ष्म फेरफार केला. माणसाला तो पांडाच दिसे; यंत्राने मात्र ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने त्यास ‘गिबन’ म्हटले. यंत्र फसते, मनुष्य फसत नाही, असा समज त्यातून दृढ झाला.

२०२३ साली गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्या समजाला तडा गेला. चित्रातील प्रत्येक बिंदूची तीव्रता ० ते २५५ या मापाने मोजतात. संशोधकांनी एकाच चित्राच्या दोन प्रतींत, यंत्राची दिशाभूल व्हावी असा, अवघ्या २ एककांपर्यंतचा बदल केला आणि लोकांना विचारले, “यांपैकी अधिक मांजरासारखे कोणते?” चित्र फुलदाणीचे असले, तरी यंत्राला मांजर भासावी अशी केलेली प्रत लोकांनी निव्वळ योगायोगाने घडेल त्याहून अधिक वेळा निवडली.

हा परिणाम अल्प होता. एकेका उत्तरात तो ओळखू येण्याजोगा नव्हता. अनेक उत्तरे मोजली तेव्हाच कल उघड झाला. जे जाणवत नाही, ते परिणामही करीत नाही, असे मानू नये. स्वतःची खात्रीही तपासून घ्यावी, हाच या प्रयोगाचा धडा होय.